कोणता चामराज? : समनाम व्यक्तींच्या अभ्यासाची प्रस्तावना

बंगळूरच्या जुन्या किल्ल्याच्या पश्चिमेला चामराजपेट आहे. १८९२मध्ये आखून वसवलेली ही वस्ती म्हैसूरचे राजे दहावे चामराजेंद्र वोडेयार यांच्या नावाने ओळखली जाते. म्हैसूरच्या दक्षिणेला, पार तमिळनाडूच्या सीमेकडे गेले की चामराजनगर लागते. आज ते जिल्ह्याचे ठिकाण आहे. नकाशावर ही दोन नावे वाचणारा सहज समजून चालतो की एकाच राजाच्या नावाने एक पेठ वसली आणि एक नगर. तसे नाही. चामराजनगर नवव्या चामराजांचे, म्हणजे खासा चामराजांचे. त्यांचा जन्म १७७४मध्ये त्या गावी झाला, तेव्हा गावाचे नाव अरिकुठार होते. त्यांचे पुत्र तिसरे कृष्णराज यांनी १८१८मध्ये वडिलांच्या स्मरणार्थ गावाचे नाव बदलले आणि पुढे तिथे चामराजेश्वराचे देऊळही बांधले. ज्यांच्या नावाची ही पेठ आहे ते चामराजेंद्र या कृष्णराजांचे दत्तकपुत्र. म्हणजे नगर आजोबांचे, पेठ नातवाची.

समनाम व्यक्तींच्या अभ्यासाची गोडी लागायला एवढे एक उदाहरण पुरेसे व्हावे. एकाच नावाची दोन माणसे इतिहासात भेटली की त्यांची गल्लत होऊ नये एवढी काळजी आपण घेतो आणि पुढे जातो. गल्लत टाळणे हे या अभ्यासाचे पहिले काम खरेच. पण तिथेच थांबलो तर हाती आलेला पुरावा सोडून दिल्यासारखे होते. नाव दोनदा आले ते का आले, हा खरा प्रश्न. चामराजांच्या घराण्यात तो विचारून पाहा. नववे चामराज, त्यांचे पुत्र तिसरे कृष्णराज, मग दहावे चामराजेंद्र, त्यांचे पुत्र चौथे कृष्णराज, आणि त्यांच्यानंतर गादीवर आलेले पुतणे जयचामराजेंद्र. चामराज, कृष्णराज, चामराज, कृष्णराज, पुन्हा चामराज. मध्ये दत्तक आले, पुतण्या आला; नावांची वीण मात्र सुटली नाही. १७९९मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर पाच वर्षांच्या मुलाला गादीवर बसवून हे राज्य पुन्हा उभे केले गेले, १८३१मध्ये कारभार इंग्रजांनी हाती घेतला, आणि १८८१मध्ये तो परत मिळाला. अशा घराण्याला आपली परंपरा अखंड आहे हे सांगण्याची गरज किती असेल! ते सांगण्याचे काम नावांनी केले. आज त्या गादीचे वारस यदुवीर कृष्णदत्त चामराज वाडियार आहेत. त्यांच्या एका नावात दोन्ही नावे आली आहेत.

या अभ्यासाकडे वळणाऱ्या वाचकाने, मग तो इतिहासाचा विद्यार्थी असो, आपली वंशावळ जुळवत बसलेला निवृत्त गृहस्थ असो की ग्रंथालयात सूची करणारी मुलगी असो, हा प्रश्न हाताशी ठेवून आत यावे. मराठी वाचकाला तर हे क्षेत्र परके वाटूच नये. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची रीत आपल्या घराघरांत होती आणि आहे. पेशव्यांची यादी वाचा: बाळाजी विश्वनाथ, बाजीराव बल्लाळ, बाळाजी बाजीराव, माधवराव बल्लाळ. बल्लाळ म्हणजे बाळाजीच. पहिल्या तीन नावांत म्हैसूरचीच वीण दिसते. पुढे माधवराव बल्लाळांचे नाव त्यांच्या पुतण्याला मिळाले. तो माधवराव नारायण, आपण त्याला सवाई माधवराव म्हणतो. शेवटचा पेशवा बाजीराव रघुनाथ, म्हणजे राघोबादादांचा मुलगा, पणजोबांचा नव्हे तर आजोबांचा समनाम. त्याच्या धाकट्या भावाचे नाव चिमाजी अप्पा, जसे पहिल्या बाजीरावाच्या धाकट्या भावाचे होते. आजोबा आणि त्यांचा भाऊ, दोघांची नावे जोडीने नातवांच्या पिढीत उतरली. हा योगायोग नव्हे.

इथे एक गोष्ट नीट पाहावी. ‘पहिला बाजीराव’ आणि ‘दुसरा बाजीराव’ ही भाषा आपली, इतिहासकारांची. समकालीन कागदात असा क्रमांक कुणी लावत नसे. तिथे फरक कळतो तो बापाच्या नावावरून. शिक्क्यात आणि पत्रात बल्लाळ आले की एक माणूस, रघुनाथ आले की दुसरा. आपली नाव लिहिण्याची पद्धत, स्वतःचे नाव, बापाचे नाव, आडनाव, ही समनाम माणसांना वेगळे ठेवणारी मोठी सोय आहे. कन्नड मुलखात ही सोय वेगळ्या रीतीने केलेली दिसते: आधी गावाचे आद्याक्षर, मग वडिलांचे, शेवटी स्वतःचे नाव. देवनहळ्ळी वेंकटरमणय्या गुंडप्पा हे नाव डी. व्ही. गुंडप्पा असे लिहिले जाते, आणि सगळा कर्नाटक त्यांना डीव्हीजी म्हणतो. आद्याक्षरांत गाव आणि बाप दोघेही असतात, पण झाकलेले. दोन भाषांच्या कागदांत काम करणाऱ्याने ही आद्याक्षरे आधी सोडवून घ्यावीत. नाही तर गावालाच बाप समजण्याची पाळी येते.

टोपणनावे आली की बापाच्या नावाचा आधारही सुटतो. नानासाहेब पेशवे म्हटले की अर्ध्या वाचकांच्या डोळ्यांपुढे शनिवारवाड्यातले बाळाजी बाजीराव येतात आणि अर्ध्यांच्या डोळ्यांपुढे १८५७चे कानपूर. दुसरे नानासाहेब म्हणजे धोंडोपंत, दुसऱ्या बाजीरावांचे दत्तकपुत्र. दोघांमध्ये शंभर वर्षे आहेत. त्यांच्या मध्ये नाना फडणीस, ज्यांचे पाळण्यातले नाव पुन्हा बाळाजी: बाळाजी जनार्दन. एकाच दरबाराचा कागद वाचताना ‘नाना’ आणि ‘बाळाजी’ ही दोन नावे तीन माणसांत कशी फिरतात हे मनात पक्के असावे लागते.

भोसल्यांच्या घरात हा विषय अधिक खोल जातो आणि तो आपल्याला पुन्हा बंगळूरला आणून सोडतो. १६३८मध्ये विजापूरकरांनी बंगळूर घेतले, ते शहाजीराजांना मिळाले, आणि त्यांचा मुक्काम तिथे झाला. त्यांचे थोरले पुत्र संभाजी वडिलांबरोबर कर्नाटकात राहिले आणि कनकगिरीच्या वेढ्यात मारले गेले. शिवाजी महाराजांनी १६५७मध्ये जन्मलेल्या आपल्या मुलाचे नाव संभाजी ठेवले. पुढे राजाराम महाराजांच्या एका मुलाचे नाव संभाजी. ते कोल्हापूरच्या गादीवर बसले आणि १७६०मध्ये वारले. यांच्याही आधी शहाजीराजांच्या चुलत भावांत एक संभाजी होते, विठोजींचे पुत्र. निजामशाहीत खंडागळ्यांच्या हत्तीवरून जो दंगा पेटला त्यात जाधवांच्या हातून ते मारले गेले. चार पिढ्यांत चार संभाजी. त्यांतल्या एकाचेच नाव आपल्या तोंडी आहे. बंगळूरला वाढलेले, वडिलांच्या खांद्याला खांदा लावून लढलेले थोरले संभाजी कित्येक पुस्तकांत एका ओळीत येतात आणि जातात. ती ओळसुद्धा पुष्कळदा ‘शिवाजी महाराजांचे थोरले बंधू’ अशी, दुसऱ्याच्या नात्याने लिहिलेली असते.

माझ्या मते या क्षेत्राचे सर्वांत मोठे काम इथे आहे. मोठ्या नावाला ओढ असते. त्याच नावाचा दुसरा माणूस जवळपास असला की त्याचे कर्तृत्व, त्याची वाक्ये, त्याची बांधकामे मोठ्याच्या खात्यावर जमा होतात. चामराजपेटेतून गवीपुरमकडे गेले की केंपांबुधी तलावाच्या काठी एक जुना मनोरा आहे. बंगळूरच्या चार दिशांच्या अशा चार मनोऱ्यांपैकी तो एक. लोक ते मनोरे शहर वसवणाऱ्या केंपेगौडांचे म्हणून दाखवतात. इतिहासाच्या पुस्तकांत त्यांचा काळ सोळाव्या शतकाच्या अखेरचा धरतात आणि श्रेय दुसऱ्या केंपेगौडांना, म्हणजे संस्थापकाच्या वारसाला देतात. पहिले केंपेगौडा १५६९मध्येच गेले होते. दगड जागेवर आहे, नाव बरोबर आहे, माणूस मात्र बदललेला. ज्याने बांधले त्याचे नाव वेगळे असते तर ही चूक झाली नसती.

कधी कधी नामसाम्य हेच राजकारण असते. शाहू महाराजांचे पाळण्यातले नाव शिवाजी. आजोबांचेच. ते मोगलांच्या कैदेत असताना इकडे राजाराम आणि ताराबाईंच्या मुलाचे नावही शिवाजी ठेवले गेले, आणि १७००मध्ये तो मुलगा गादीवर आला. १७०७मध्ये शाहू सुटून दक्षिणेत आले तेव्हा एकाच राज्यावर हक्क सांगणारे दोन चुलत भाऊ होते, आणि दोघेही थोरल्या शिवाजी महाराजांचे नातू, दोघेही शिवाजी. ताराबाईंच्या बाजूने तर हा सुटून आलेला माणूस खरा शाहू नव्हे, तोतया आहे, असेही म्हटले गेले. खेडच्या लढाईने त्या वादाचा निकाल लावला. शाहू हे नाव टिकले, पुढे साताऱ्यात दुसरे शाहू झाले, आणि कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव १८८४मध्ये कोल्हापूरला दत्तक आले तेव्हा त्यांनाही तेच नाव मिळाले. राजर्षी शाहू आणि साताऱ्याचे शाहू यांची गल्लत शाळेतली मुले करतात. ती होऊ नये म्हणून त्यांना सनावळ्या पाठ करायला लावतात. त्याऐवजी दत्तक मुलाला हेच नाव का दिले असेल, असे त्यांना विचारले तर ती दोघांनाही विसरणार नाहीत.

आता साहित्याकडे. चामराजपेटेत कन्नड साहित्य परिषदेची वास्तू आहे. परिषद १९१५मध्ये स्थापन झाली, आपल्या पुण्याच्या परिषदेनंतर नऊ वर्षांनी. तिच्या समोरच्या रस्त्याचे नाव पंप महाकवी रस्ता. पंप हे दहाव्या शतकातले कन्नडचे आदिकवी. ‘आदिपुराण’ आणि ‘विक्रमार्जुन विजय’ या त्यांच्या रचना. त्यांच्यानंतर दीडेकशे वर्षांनी नागचंद्र नावाचे कवी झाले. त्यांनी जैन परंपरेतले रामायण रचले आणि स्वतःला अभिनव पंप म्हणवून घेतले. त्यांचे ते काव्य आजही पंपरामायण या नावाने ओळखले जाते, म्हणून नवखा माणूस ते आदिकवी पंपांचे समजतो. इथे नामसाम्य जन्माने आलेले नाही. कवीने ते मागून घेतले आहे. मागून घेताना ‘अभिनव’ हा शब्द पुढे लावून थोरल्याचा मानही राखला आहे. मला हा व्यवहार फार सुंदर वाटतो. नाव घ्यायचे, पण आपण कुणाकडून घेतले ते त्याच दमात सांगायचे.

कन्नडात दुसरे उदाहरण नागवर्म्यांचे. ‘छंदोंबुधी’ लिहिणारे नागवर्म आणि ‘काव्यावलोकन’ लिहिणारे नागवर्म हे दोन वेगळे, हे अभ्यासकांना ग्रंथांतले पुरावे आणि आश्रयदाते तपासून ठरवावे लागले. दोघांचे विषय जवळचे, दोघेही शास्त्रकार. नाव सोडले तर वेगळेपणाची खूण वरवर दिसतच नाही. आर. नरसिंहाचार यांचा ‘कर्नाटक कविचरिते’ हा तीन खंडांचा ग्रंथ अशा कामाचा पाया आहे.

आपल्याकडचा असा मोठा प्रश्न नामदेवांचा. पंढरपूरचे नामदेव तेराव्या-चौदाव्या शतकातले, आणि विष्णुदास नामा एकनाथांच्या काळाजवळचे, म्हणजे दोघांत दोन शतकांहून अधिक अंतर. तरी नामदेवांच्या छापील गाथांत दोघांचे अभंग एकमेकांत मिसळले. ‘विष्णुदास नामा’ अशी खूण दिसली की तो अभंग दुसऱ्याचा, असे सोपे उत्तरही नाही. कारण विष्णूचा दास हे कोणत्याही वारकऱ्याने स्वतःला म्हणावे असे विशेषण आहे. मग भाषा पाहायची, त्यात फारसी शब्द किती आले ते पाहायचे, हस्तलिखित कुठले आहे ते पाहायचे, कथाभाग कुठल्या काळात प्रचलित झाला ते पाहायचे. ज्ञानदेवांबाबतही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘सुधारक’मधून ‘भारद्वाज’ या नावाने मांडणी झाली की ज्ञानेश्वरीकार वेगळे आणि अभंगकार वेगळे. बहुतेक अभ्यासकांनी ती मानली नाही. पण तिच्यामुळे दोन्हींची भाषा शब्दाशब्दाने तपासली गेली, आणि तो तपास मराठीच्या अभ्यासाला कायमचा लाभला.

या ठिकाणी कन्नड आणि मराठी शेजारी ठेवून पाहिले तर एक फरक लक्षात येतो. कन्नड वचनकार आपल्या रचनेच्या शेवटी बहुधा स्वतःचे नाव घालत नाहीत, इष्टदेवतेचे घालतात. बसवण्णांचे ‘कूडलसंगमदेव’, अल्लमप्रभूंचे ‘गुहेश्वर’, अक्कमहादेवींचे ‘चन्नमल्लिकार्जुन’. याला अंकित म्हणतात. बसव नावाचे शंभर जण असले तरी अंकितावरून एक वेगळा काढता येतो. आमच्या अभंगात मात्र ‘नामा म्हणे’, ‘तुका म्हणे’, असे कवीचे स्वतःचेच नाव येते. नाव गाजले की मागून आलेला कोणीही भक्त त्याच नावाने गाऊ लागतो, आणि त्याला त्यात चोरी वाटत नाही, सेवा वाटते. म्हणून मराठी संतसाहित्यात समनामांचा गुंता अधिक दाट आहे, असे मला वाटते. हा मुद्दा दोन्ही भाषा येणाऱ्या कुणी तरी सविस्तर तपासावा. सीमाभागातल्या मुलांना त्याची जन्मजात तयारी असते.

अर्वाचीन काळात टोपणनावांचेही नामसाम्य आहे. ‘विनायक’ या नावाने मराठीत विनायक जनार्दन करंदीकर यांनी कविता लिहिली. ते १९०९मध्ये वारले. त्याच वर्षी विनायक कृष्ण गोकाक यांचा जन्म झाला, आणि त्यांनीही कन्नडात ‘विनायक’ याच नावाने कविता लिहिली. गोकाकांना पुढे ज्ञानपीठ मिळाले. ज्ञानपीठ मिळवणारे एक करंदीकरही आहेत, पण ते विंदा, म्हणजे गोविंद विनायक. विनायक, करंदीकर, ज्ञानपीठ हे तीन शब्द घेऊन शोधायला बसणाऱ्याने सावध असावे.

स्त्रियांच्या बाबतीत या शास्त्राची सगळी साधने लंगडी पडतात, आणि म्हणूनच तिथे सर्वांत जास्त लक्ष द्यायला हवे. पुरुषाला वेगळे काढण्यासाठी बापाचे नाव आणि आडनाव आहे. बाईचे लग्नात दोन्ही बदलतात, आणि पाळण्यातले नावही जाते. एकोणिसाव्या शतकातल्या दोन यमुना पाहा. एक यमुना कुर्लेकर. न्यायमूर्ती रानड्यांशी लग्न होऊन ती रमाबाई रानडे झाली. दुसरी कल्याणची यमुना. गोपाळराव जोश्यांशी लग्न होऊन ती आनंदीबाई जोशी झाली आणि १८८६मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाली. तिच्या पदवीदान समारंभाला फिलाडेल्फियात हजर होत्या पंडिता रमाबाई. सह्याद्रीतल्या गंगामूळला, आजच्या कर्नाटकात जन्मलेल्या या रमाबाई जन्मापासून रमाच. त्यांचे नाव कुणी बदलले नाही.

१८८२मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या तेव्हा रमाबाई रानडे विशीत होत्या. आर्य महिला समाजाच्या सभांना दोघी एका खोलीत असत. त्या वर्षीच्या पुण्यातल्या हकिगती वाचताना ‘रमाबाई’ आल्या की कोणत्या, हे दर वेळी थांबून विचारावे लागते. ‘पंडिता’ ही पदवी कलकत्त्याच्या विद्वानांनी दिली म्हणून एकीची सोय झाली. पुढे एकीचे शारदा सदन, दुसरीचे सेवा सदन. कामे शेजारची, वाटा वेगळ्या. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत त्या दिवसांबद्दल लिहिले आहे; दोघींवर गावाने काय काय बोलून घेतले ते तिथून कळते. शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाईंचा १८९३मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई झाल्या. अशी आणखी एक आनंदीबाई मराठी चरित्रकोशात आली. राघोबादादांच्या आनंदीबाई तिथे आधीपासून होत्याच.

आणि लक्ष्मीबाई. झाशीच्या राणीचे माहेरचे नाव मणिकर्णिका तांबे. ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकांचे माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. माहेरी दोघी एकाच घाटाच्या नावाच्या, सासरी दोघी लक्ष्मी. एकीच्या नवऱ्याने राज्याची लक्ष्मी म्हणून नाव ठेवले, दुसरीच्या नवऱ्याने घराची. हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. काशीचे पुण्य मुलीच्या नावात, आणि सासरच्या भरभराटीची अपेक्षा सुनेच्या नावात: त्या काळचे घर बाईकडून काय मागत होते त्याचा हा पुरावा आहे. म्हणून मी नव्या अभ्यासकांना आग्रहाने सांगतो की स्त्रीची नोंद करताना माहेरचे नाव पहिल्या ओळीत घ्या, कंसात नव्हे.

पुन्हा चामराजपेटेकडे वळू. तिला लागूनच गवीपुरम आहे. तिथे गोसाई मठ आहे, आणि शहाजीराजांच्या काळापासून कर्नाटकात राहिलेल्या मराठ्यांना त्या मठाचे अगत्य आहे. याच भागात एका मराठीभाषक घरातला मुलगा वाढला, गवीपुरमच्या सरकारी शाळेत शिकला. १९५०मध्ये जन्मलेल्या या मुलाचे नाव छत्रपतींवरून शिवाजीराव ठेवलेले, आडनाव गायकवाड. बंगळूरच्या बससेवेत कंडक्टर म्हणून त्याने नोकरी केली, मग मद्रासला अभिनय शिकायला गेला. के. बालचंदर यांनी त्याला ‘अपूर्व रागंगळ’ या चित्रपटात घेतले तेव्हा नावाची अडचण पुढे आली. तमिळ पडद्यावर शिवाजी आधीच होते: शिवाजी गणेशन. त्यांचे मूळ नाव गणेशन. अण्णादुराईंच्या नाटकात त्यांनी छत्रपती शिवाजींची भूमिका केली, ती पाहून पेरियारांनी त्यांना ‘शिवाजी’ म्हटले, आणि ते नाव कायम चिकटले. बालचंदरांनी नव्या नटाला आपल्या एका जुन्या कथेतल्या पात्राचे नाव दिले: रजनीकांत. १९७५मध्ये चित्रपट आला.

या हकिगतीत नामसाम्याचे जवळजवळ सगळे प्रकार एकत्र आले आहेत. एकाला नाव घराण्याच्या अभिमानातून मिळाले, दुसऱ्याला भूमिकेतून. दोघांचे मूळ एकाच माणसात, ज्याचे बालपणीचे काही दिवस याच शहरात वडिलांजवळ गेले. ज्याच्या घरात मराठी बोलली जात होती त्याला ते नाव सोडावे लागले, आणि ज्याची मातृभाषा तमिळ त्याच्याकडे ते राहिले. यात कुणाचा अन्याय नाही. पडद्यावर एका नावाचे दोन नट नकोत एवढाच व्यवहार. कन्नडचे राजकुमार आणि हिंदीचे राजकुमार आपापल्या भाषेत राहिले म्हणून दोघांना एकच नाव चालले. त्या दोघांचीही ती पाळण्यातली नावे नव्हती: एक मुत्तुराज, दुसरे कुलभूषण पंडित. २००७मध्ये रजनीकांत यांनी ‘शिवाजी’ नावाच्या चित्रपटात शिवाजी नावाच्या माणसाची भूमिका केली. गणेशन २००१मध्ये गेले होते.

संस्थांचेही असेच होते, पण त्याबद्दल थोडक्यात. पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था आपल्याला माहीत असते. डीव्हीजींनी १९४५मध्ये बंगळूरच्या नरसिंहराज कॉलनीत गोपाळ कृष्ण गोखल्यांच्याच नावाने सार्वजनिक विचारांची संस्था स्थापन केली, हे फार थोड्या मराठी वाचकांना ठाऊक असते. ‘गोखले इन्स्टिट्यूट’ एवढाच उल्लेख आला की शहर विचारून घ्यावे.

साधनांबद्दल दोन शब्द. सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांनी १९३२, १९३७ आणि १९४६ या वर्षी प्राचीन, मध्ययुगीन आणि अर्वाचीन असे तीन चरित्रकोश प्रसिद्ध केले. प्राचीन कोशात एकाच नावाच्या ऋषी आणि राजांना त्यांनी क्रमांक लावून वेगळे केले आहे. कोश उघडून कोणतेही ठळक पौराणिक नाव काढा. एका नावाखाली किती जण उभे आहेत ते पाहून माणूस चकित होतो. एका माणसाने हे काम हाती घ्यावे आणि तडीस न्यावे, याबद्दल मला अतिशय आदर आहे. आज संशोधकांना ऑर्किड नावाचा सोळा अंकी क्रमांक मिळतो, त्यामुळे एकाच नावाच्या दोन शास्त्रज्ञांचे लेख वेगळे राहतात. क्रमांकाने गल्लत टळते. नाव का ठेवले ते मात्र क्रमांक सांगत नाही. ते घराला, गावाला आणि काळालाच विचारावे लागते.

ज्यांना लगेच काम सुरू करायचे आहे त्यांनी तंजावरपासून करावे. शहाजीराजांचे धाकटे पुत्र एकोजी बंगळूरहून तिकडे गेले आणि त्यांनी तंजावरची गादी स्थापन केली. एकोजींच्या थोरल्या मुलाचे नाव आजोबांवरून शहाजी. पुढे दुसरे एकोजी, दोन सरफोजी, शिवाजी, आणि मध्येच १७३८च्या सुमारास शहाजी म्हणून गादीवर बसवलेला काट्टुराजा, ज्याचा वारसाहक्क तेव्हाच वादात होता. दुसऱ्या सरफोजींनी १८०३मध्ये बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याची हकिगत मराठीत कोरून घेतली. तो लेख छापील स्वरूपात मिळतो. तो समोर घ्या, प्रत्येक शहाजी, शिवाजी, संभाजी आणि एकोजी यांच्यापुढे बापाचे नाव, आईचे नाव आणि मुक्कामाचे गाव लिहीत जा, आणि जिथे आईचे नाव सापडत नाही तिथे जागा रिकामी ठेवा. त्या रिकाम्या जागा भरण्यासाठी तंजावरच्या सरस्वती महालातल्या मोडी दफ्तराकडे वळावे लागेल. तिथले कागद वाचणारी माणसे फार थोडी आहेत. येणाऱ्या प्रत्येकाचे तिथे काम आहे.